९० सेकंदांची चाचणी: एमएसमध्ये विचारशक्तीचं आणि मनाचं काय होतं?

कागदाच्या वरच्या भागात एक पट्टी असते. तिच्यात ९ चिन्हं, साधी रेघारेघांची, कुठल्याच भाषेतली नसलेली. प्रत्येक चिन्हाखाली एक आकडा, १ ते ९. पट्टीखाली त्याच चिन्हांच्या ओळीच्या ओळी उलटसुलट क्रमाने छापलेल्या असतात, मात्र तिथे आकड्यांच्या जागी रिकामे चौकोन. समोर बसलेल्या माणसाने वरच्या पट्टीत बघून एकेका चिन्हाचा आकडा मोठ्याने सांगत जायचं. पहिले १० सरावाचे. मग घड्याळ सुरू होतं आणि ९० सेकंदांनी थांबतं. बरोबर सांगितलेले आकडे मोजले की झाली चाचणी.

तिचं नाव सिम्बॉल डिजिट मोडॅलिटीज टेस्ट, थोडक्यात एसडीएमटी. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस असलेल्या प्रत्येकाची ही चाचणी निदानानंतर लवकरच एकदा आणि पुढे दरवर्षी व्हावी, अशी शिफारस या विषयातल्या तज्ज्ञांनी २०१८ मध्ये केली. ना महागडं यंत्र लागतं, ना इंजेक्शन. आकडे मराठीत सांगितले तरी चालतात. तरीही एमएस घेऊन वर्षानुवर्षं जगणाऱ्या अनेकांनी हा कागद कधी पाहिलेलाही नसतो. त्यांचे गुडघे हातोडीने ठोकून होतात, सरळ रेषेत चालून दाखवणं होतं, दर वर्षाला एमआरआय होतो. पण "डोकं कसं चालतंय आणि मन कसं आहे" हे विचारायचं राहून जातं. हा लेख त्या राहून गेलेल्या प्रश्नाबद्दल आहे.

आधी आजार थोडक्यात. मेंदू आणि पाठीच्या कण्यातल्या बऱ्याच चेतातंतूंवर मायलिन नावाचं स्निग्ध आवरण असतं. त्याच्यामुळे संदेश वेगाने धावतात. मायलिन असलेल्या जाड तंतूंमध्ये हा वेग सेकंदाला १०० मीटरपर्यंत जातो, मायलिन नसलेल्या बारीक तंतूंमध्ये तो एक-दोन मीटरच असतो. एमएसमध्ये शरीराची स्वतःची रोगप्रतिकारशक्ती या आवरणावर हल्ला करते. कुठे डाग पडतील याचा नेम नसतो, म्हणून कुणाची नजर अंधूक होते, कुणाचा पाय बधिर होतो, कुणाचा तोल जातो. जगात सुमारे २९ लाख लोकांना हा आजार आहे, बहुतेकांना तो २० ते ४० या वयात गाठतो आणि बायकांमध्ये त्याचं प्रमाण पुरुषांच्या दुपटीहून जास्त आहे. भारतात तो पूर्वी फार विरळ मानला जायचा. अपवाद मुंबईच्या पारशी समाजाचा. १९८० च्या दशकातल्या पाहणीत तिथे लाखामागे सुमारे २६ जणांना एमएस आढळला होता. आता एमआरआय जिल्ह्याच्या गावी पोचला आणि निदानं वाढली.

झां-मार्तं शार्को या फ्रेंच डॉक्टरांनी १८६८ मध्ये पॅरिसमध्ये या आजाराचं पहिलं नीट वर्णन केलं. स्मरणशक्ती कमकुवत होते आणि विचार हळू तयार होतात, हे त्यांनी तेव्हाच नोंदवलं होतं. पण पुढची शंभरएक वर्षं बुद्धीवरचा परिणाम ही क्वचित घडणारी, शेवटच्या टप्प्यातली गोष्ट समजली गेली. एक कारण मोजमापात आहे. एमएस किती वाढला हे मोजण्याची सर्वांत जास्त वापरली जाणारी पट्टी ईडीएसएस, आणि तिचा मोठा भाग माणूस किती चालू शकतो यावर बेतलेला आहे. मग जो नीट चालतो तो बरा, असं ठरून जातं. १९९१ मध्ये स्टीफन राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एमएस असलेल्या १०० आणि नसलेल्या १०० जणांच्या सविस्तर चाचण्या केल्या, तेव्हा एमएस असलेल्यांपैकी ४३ टक्के लोकांच्या विचारक्षमतेत घट दिसली. हे रुग्णालयात खिळलेले रुग्ण नव्हते, समाजात वावरणारे होते. त्याच अभ्यासाच्या दुसऱ्या भागात असंही दिसलं की ज्यांना ही घट होती, त्यांची नोकरी टिकण्याची आणि लोकांत मिसळण्याची शक्यता कमी होती. हातापायांची अवस्था सारखीच असतानाही. पुढच्या अभ्यासांमध्ये हे प्रमाण साधारण ४० ते ६५ टक्के येत राहिलं.

नेमकं काय बिघडतं?

सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त वेळा बिघडतो तो वेग. समजतं सगळं, पण उशिरा समजतं. एसडीएमटी मोजते ती हीच गोष्ट.

एक संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. गॅसवर कुकर, शिट्ट्या मोजायच्यात. फोनवर नणंद लग्नाची तारीख सांगतेय. टीव्ही चालू. तेवढ्यात मुलगा म्हणतो, "आई, उद्या ड्रॉइंगची वही लागणार आहे." एरवी हे सगळं कुठल्याही घरात निभावतं. एमएसमुळे ज्या बाईच्या मेंदूचा वेग मंदावलाय, तिच्यापर्यंत तारीख पोचते तोवर शिट्ट्यांचा हिशोब चुकलेला असतो आणि वहीचं वाक्य आत शिरलेलंच नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलेलं वाक्य ऐकू येतं: "काल सांगितलं होतं ना तुला!"

इथे एक बारकावा आहे आणि तो घरच्यांना समजला तर पुष्कळ भांडणं वाचतील. एमएसमधला विसर बहुतेक वेळा आठवण्याचा दोष नसतो, शिकण्याचा असतो. शाळेत बाई भराभर शुद्धलेखन सांगतायत आणि मुलाचा हात मागे पडला, तर अधले मधले शब्द वहीत उतरतच नाहीत. नंतर वही कितीही उलटली तरी ते सापडणार कसे? म्हणून "नीट आठवून बघ" म्हणण्याचा फारसा उपयोग होत नाही. पहिल्यांदा सांगतानाच सावकाश, टीव्ही बंद करून, एका वेळी एक गोष्ट सांगण्याचा होतो. जे नीट आत गेलं ते बऱ्यापैकी टिकतं.

याखेरीज लक्ष एका जागी ठेवणं, एकाच वेळी दोन कामं सांभाळणं, कामांचा क्रम लावणं आणि ऐन वेळी शब्द सुचणं या गोष्टी अवघड होतात. "शब्द जिभेवर आहे पण येत नाहीये" ही तक्रार तर फारच सर्रास. भाषेचं ज्ञान, व्यवसायातलं जुनं कौशल्य, लहानपणच्या आठवणी, माणसांची ओळख मात्र सहसा शाबूत राहते. हा अल्झायमर नव्हे. भावाचं नाव विसरणं किंवा स्वतःच्या गल्लीत हरवणं असं एमएसमध्ये क्वचितच होतं.

चालणं आणि विचार करणं यांचा ताळमेळ बसेलच असं नाही, हेही लक्षात घ्या. व्हीलचेअरवरचा माणूस तल्लख असू शकतो आणि रोज सकाळी ५ किलोमीटर चालणाऱ्याला बँकेतली कामं जमेनाशी होऊ शकतात. डाग किती यापेक्षा ते कुठे आहेत आणि एकूण मेंदू किती आक्रसलाय याला जास्त महत्त्व आहे. मेंदूच्या मध्यभागी असलेला थॅलॅमस अनेक भागांना जोडतो. तो आक्रसला की वेगावर परिणाम होतो. शिवाय मेंदूच्या बाहेरच्या करड्या थरातले डाग नेहमीच्या एमआरआयमध्ये फारसे दिसत नाहीत. तेव्हा "एमआरआय स्थिर आहे" हे वाक्य खरं असूनही रुग्णाची तक्रारही तितकीच खरी असू शकते. दुसऱ्या बाजूने, ज्यांचं शिक्षण जास्त झालंय, ज्यांना वाचनाची किंवा डोकं चालवणाऱ्या छंदांची आयुष्यभर सवय आहे, त्यांच्यात मेंदूचं तेवढंच नुकसान होऊनही परिणाम कमी दिसतो असं संशोधनात आढळलंय.

मन

एमएस असलेल्यांपैकी सुमारे ३० टक्के लोकांमध्ये नैराश्य आणि सुमारे २२ टक्क्यांमध्ये चिंतेचा विकार आढळतो, असा अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला अंदाज आहे. सर्वसाधारण लोकांपेक्षा हे प्रमाण दोन ते तीन पट भरतं. "एवढा आजार झालाय म्हटल्यावर उदास वाटणारच" असं म्हणून आपण ते सोडून देतो. मला या वाक्याची फार चीड येते, कारण ते समजूतदार वाटतं आणि उपचाराचं दार लावून घेतं. एमएसमधल्या नैराश्याला परिस्थिती कारण असतेच: पुढे काय होईल हे माहीत नसणं, नोकरीची धास्ती, औषधांचा खर्च. पण त्याचबरोबर भावनांचं नियमन करणाऱ्या मेंदूच्या जाळ्यावर पडलेले डाग आणि शरीरात चालू असलेला दाह यांचाही त्यात हात असतो. म्हणजे तो आजाराचाच भाग आहे, आणि एमएसच्या सगळ्या लक्षणांमध्ये सर्वांत जास्त बरं होण्यासारखं हे एक लक्षण आहे.

ओळखायचं कसं, हा खरा प्रश्न. थकवा, झोप बिघडणं, लक्ष न लागणं ही एमएसची लक्षणं आहेत आणि नैराश्याचीही. त्यामुळे नुसत्या त्यांवरून काही ठरवता येत नाही. दुसऱ्या खुणा बघाव्या लागतात. आवडत्या गोष्टीत मन रमतं का? फक्त थकलेल्या माणसाला नातवाशी खेळायची इच्छा असते, अंगात त्राण नसतं; नैराश्यात इच्छाच उरत नाही. "माझ्यामुळे सगळ्यांना त्रास" असं वारंवार बोलणं, पुढच्या दिवसांबद्दल काहीच न वाटणं, सतत अपराधी वाटणं, हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर थांबू नका. एमएस असलेल्यांमध्ये आत्महत्येचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट आहे. मरणाचे विचार येत असतील तर कुणाला तरी त्याच दिवशी सांगा. केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते आणि तिथे मराठीत बोलता येतं.

आणखी एक प्रकार घरोघरी चुकीचा समजला जातो. एमएस असलेल्या दहातल्या साधारण एकाला काहीही कारण नसताना एकदम रडू फुटतं किंवा हसू येतं, आणि ते आवरत नाही. मयताच्या घरी हसू फुटलं तर काय प्रसंग ओढवत असेल याची कल्पना करा. हे नैराश्य नाही आणि नाटक तर मुळीच नाही. भावना व्यक्त करण्यावरचा मेंदूचा ताबा सुटल्याने ते होतं, आणि त्यावर औषधं आहेत.

थकवा, उन्हाळा आणि गोळ्यांचा डबा

एमएसमधला थकवा रात्रभर झोपूनही जात नाही. चारपैकी तिघांना, किंवा त्याहूनही जास्त जणांना तो असतो. सकाळी १० वाजता जी बाई ऑफिसचा हिशोब बिनचूक करते, तिला दुपारी ४ वाजता तोच कागद परक्या लिपीत लिहिल्यासारखा दिसतो. बाहेरून बघणाऱ्याला हे लहरीपणाचं वाटतं.

उष्णतेचंही तसंच. १८९० मध्ये विल्हेल्म ऊटहोफ या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी नोंदवलं की व्यायामानंतर एमएसच्या रुग्णांची नजर तात्पुरती अंधूक होते. शरीराचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी मायलिन गेलेल्या तंतूंमधून संदेश नीट जात नाहीत. हे विचारांच्या वेगालाही लागू पडतं. उष्ण दिवसांत घेतलेल्या चाचण्यांमध्ये गुण कमी आल्याचं अभ्यासात दिसलंय. अकोल्यात, चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ वर असतो, तेव्हा "डोकंच चालत नाही" म्हणणाऱ्या माणसाला खरोखरच तसं होत असतं. अंग थंड झालं की हे ओसरतं, त्याने नवं नुकसान होत नाही. अंघोळीचं पाणी कोमट घेणं, बाहेरची कामं सकाळी उरकणं, मानेभोवती ओला पंचा, कूलर हे एमएसच्या घरात चैनीत मोजू नये.

ताप, लघवीचा संसर्ग, रात्री लघवीसाठी चार वेळा उठल्याने मोडलेली झोप, थायरॉइड, बी१२ ची कमतरता यांनीही डोकं जड होतं. गोळ्यांचा डबाही बघायला हवा. लघवीच्या तक्रारीवर दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या, उदाहरणार्थ ऑक्सिब्युटिनिन, स्मरणशक्तीवर परिणाम करतात. स्नायूंचा ताठरपणा आणि वेदना यांवरच्या काही औषधांनी गुंगी येते. स्टिरॉइडच्या 'पल्स'नंतर, म्हणजे थोडे दिवस दिलेल्या मोठ्या डोसनंतर, काही दिवस झोप उडते, मूड वरखाली होतो. आपल्या मनाने काहीच बंद करायचं नाही. पण यादी डॉक्टरांसमोर ठेवायची.

हे सगळं सविस्तर सांगण्यामागे कारण आहे. अनेक अभ्यासांत आढळलंय की "माझी स्मरणशक्ती गेली" ही तक्रार जितकी तीव्र, तितका तिचा संबंध चाचणीतल्या गुणांपेक्षा नैराश्याशी जास्त निघतो. आणि ज्यांची क्षमता खरोखर बरीच घटलीय, त्यांतल्या काहींना ते स्वतःला जाणवतच नाही; जाणवतं ते बायकोला, नवऱ्याला, सहकाऱ्याला. म्हणून नुसत्या तक्रारीवर विसंबायचं नाही आणि तक्रार नाही म्हणून निर्धास्तही राहायचं नाही. मोजायचं. भारतात अडचण अशी की एसडीएमटीचे 'सामान्य' गुण वयावर आणि शिक्षणावर अवलंबून असतात आणि परदेशी तक्ते आपल्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. त्यावरचा सोपा मार्ग म्हणजे माणसाची तुलना त्याच्या स्वतःच्या मागच्या गुणांशी करायची. ४ किंवा त्याहून जास्त गुणांची घसरण दखल घेण्याजोगी मानली जाते. कधीकधी हातापायांत काहीच फरक नसताना फक्त विचारक्षमतेतच एमएसचा अटॅक, म्हणजे लक्षणं अचानक वाढण्याचा झटका, आल्याचंही दिसून आलंय.

उपायांचं खरं चित्र

स्मरणशक्ती वाढवणारी गोळी एमएससाठी नाही. अल्झायमरमध्ये वापरलं जाणारं डोनेपेझिल अमेरिकेत अनेक केंद्रांवर तपासून झालं, उपयोग दिसला नाही. मेमँटिनची तीच गत. एमएसचा हल्ला रोखणारी औषधं वेळेवर सुरू केली तर मेंदूचं पुढचं नुकसान कमी होतं, आणि त्यात विचारक्षमतेचंही थोडंफार रक्षण होतं.

प्रशिक्षणाचा मात्र उपयोग आहे. न्यू जर्सीतल्या केसलर फाउंडेशनमध्ये नॅन्सी किअॅराव्हॅलोटी यांच्या गटाने ५ आठवड्यांत १० सत्रांचा एक कार्यक्रम तपासला आणि २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. शिकवलं ते एवढंच: लक्षात ठेवायच्या गोष्टींचं मनात चित्र उभं करा आणि त्या सगळ्यांची मिळून एक कथा रचा. समजा बाहेर जाताना कोथिंबीर आणायची आहे, चप्पल शिवून घ्यायची आहे, विजेचं बिल भरायचं आहे आणि आईचं इन्सुलिन घ्यायचं आहे. तर चांभार बिलाच्या कागदात कोथिंबिरीची जुडी गुंडाळतोय आणि आई त्याच्या दुकानात बसून इन्सुलिन टोचून घेतेय, असं चित्र डोळे मिटून नीट बघायचं. जितकं विचित्र तितकं पक्कं. या पद्धतीने शिकलेल्यांची नवं लक्षात ठेवण्याची क्षमता वाढली.

याच्या शेजारी दुसरी बाजूही ठेवते. ब्रिटनमध्ये ४४९ जणांवर केलेल्या मोठ्या अभ्यासात १० आठवड्यांच्या गट-प्रशिक्षणाने वर्षभरानंतर आयुष्याच्या गुणवत्तेत ठोस फरक पडला नाही. रोजचे विसर आणि मूड यांत थोडी सुधारणा दिसली. आजार हळूहळू वाढत जाणाऱ्या ३११ जणांवर ६ देशांत झालेल्या कॉगएक्स अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले: मेंदूचं प्रशिक्षण आणि व्यायाम एकत्र दिल्याने जादा फायदा सिद्ध झाला नाही. व्यायाम तरीही करावा. थकवा, मूड आणि झोप यांच्यासाठी तो हवाच.

नैराश्यावरचा पुरावा याहून भक्कम आहे. विचारांना वळण देणारी सीबीटी ही समुपदेशनाची पद्धत एमएसमध्ये उपयोगी ठरते, आणि २००५ मध्ये डेव्हिड मोर यांच्या गटाने एमएस असलेल्या १२७ जणांवर दाखवून दिलं की ती फोनवरूनही चालते. पाय साथ देत नसताना परभणीहून पुण्याला खेटे घालणाऱ्या माणसासाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे! गरजेप्रमाणे मानसोपचारतज्ज्ञ औषधंही देतात. ती एमएसच्या औषधांबरोबर घेता येतात, फक्त दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या माहीत हव्यात.

घरात आणि कामावर काय करता येतं? एकच वही किंवा एकच मोबाइल कॅलेंडर. चार ठिकाणी चिठ्ठ्या नकोत. चाव्या, चष्मा, औषधं यांच्या ठरलेल्या जागा. अवघड काम दिवसाच्या ताज्या वेळेत. मीटिंगनंतर ठरलेले मुद्दे लेखी मागायचे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएस नावानिशी नोंदवलेला आहे. सरकारी आस्थापनांनी कामात वाजवी सोयी द्याव्यात, आणि नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून कुणाला काढू किंवा पदावनत करू नये, असं त्याचं कलम २० सांगतं. सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. हात-पाय धड दिसणाऱ्या माणसाला ते मिळवताना झगडावं लागतं, आणि तिथे चाचण्यांचा लेखी अहवाल फार कामी येतो. मुंबईत १९८५ साली स्थापन झालेल्या मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियासारख्या संस्थांकडे या कागदपत्रांचा अनुभव आहे.

लग्न ठरायच्या वयात येणारा हा आजार असल्याने तो लपवला जातो, तरुण मुलींच्या बाबतीत तर फारच. लपवण्याला स्वतःचे कष्ट पडतात: थकव्याला रोज नवं कारण शोधायचं, विसरलं की हसून न्यायचं. आधीच मंदावलेल्या डोक्यावर हा वेगळा भार. सगळ्या गावाला सांगायची गरज नाही, पण घरातल्या दोघा-तिघांना आणि कामावरच्या एका विश्वासू माणसाला तरी खरं माहीत असावं.

आणि पुढच्या तपासणीला जाताना एक कागद लिहून न्या. गेल्या महिन्यातले दोन-तीन नेमके प्रसंग: कुठे अडलं, किती वाजता, झोप किती झाली होती. सगळ्या गोळ्यांची नावं, लघवीच्या आणि झोपेच्या धरून. मूडबद्दल एक सरळ वाक्य. सोबत घरातलं असं कुणी तरी असावं, ज्याला डॉक्टरांनी वेगळं विचारलं तर तो खरं सांगेल. ओपीडीच्या गर्दीत चाचणीला वेळ नसेल, तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे चिठ्ठी मागून घ्या. जो आकडा येईल तो तारखेसह एमआरआयच्या फायलीतच लावून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी तुलना करता येईल.